घमेलं पालथं की उताणं

कुणी गाडीवरून उतरून आमच्या अंगणात आलं आणि "जमीन सांगणाऱ्या बाई इथंच राहतात का?" असं विचारायला लागलं, की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. आमचे मालक ओट्यावर असत. ते म्हणत, "राहत्यात. पर बोलायच्या न्हाईत. पत्ता सांगून ठिवा, मिस्त्री घिऊन येतील त्यास्नी." जी बाई बोलत नाही ती जमीन सांगणार कशी, हा प्रश्न पाहुण्याच्या तोंडावर उमटायचा, तो मला दाराच्या फटीतून दिसायचा. एकदा तर एक जण सातबारा घेऊन आला होता. वाटणीत कोणता तुकडा मागावा ते विचारायला. मालकांनी त्याला चहा पाजून लावून दिलं.

मी सांगते ती जमीन शेताची नाही. दुकानाखालची, घराखालची, तळघरातली सिमेंटची जमीन, जिला आम्ही कोबा म्हणतो. ती फोडून नवी करायची की आहे तीच ठेवायची, एवढंच मला कळतं. माहेर माझं आणे गावचं, पठारावरचं. सासर बोरी बुद्रुक. शाळा चौथीपर्यंत. लग्न झालं त्या साली बिगारी म्हणून कामावर उभी राहिले, ती गुडघे दुखायला लागेपर्यंत. बोलायचं बरंच राहून गेलं, म्हणून आता वहीत लिहिते.

काम मी जुन्नरच्या बडे मिस्त्रींकडे शिकले आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलाबरोबर, अन्वरभाईंबरोबर केलं. बडे मिस्त्री कामावर चप्पल घालू देत नसत. म्हणत, "जमीन पायाशी बोलती. मधी रबर कशाला?" आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला नव्या जमिनीवर चपलेचे ठसे नको असतात, म्हणून ही युक्ती. पण चार-सहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं की खरंच कळतं. जमीन पोकळ झाली की टाच टेकवताना पिंढरीत वेगळंच वाटतं. ओल असली की पायाच्या खोबणीला आधी कळतं, डोळ्याला मागून.

लोकांना वाटतं, भेग पडली म्हणजे जमीन गेली. तसं नसतं. केसाएवढी भेग पडतेच. सिमेंट वाळताना आकसतं, तिथं ते तडकतं, बाकी काही नाही. एक रुपयाचं नाणं भेगेत उभं जायला लागलं, की लक्ष द्यायचं. भेगेची एक बाजू वर आणि एक बाजू खाली असली आणि अंधारात ठेच लागायला लागली, तर खालचा भराव बसलाय. दांड्यानं ठोकत जायचं. चांगली जमीन ठण् वाजते, खालून सुटलेली डब वाजते. एखाद्या फरशीएवढी जागा डब वाजली तर तेवढीच काढून भरता येते. अर्ध्याहून जास्त वाजली, किंवा झाडावं तितकी रोज भुकटी निघत राहिली, तर त्या जमिनीवर सिमेंटचा वरून हात फिरवणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला पावडर लावणं. मग फोडायचीच. उतार बघायला माझ्या बटव्यात काचेची एक गोटी असते. ती सोडायची. जमीन कुठं बसली आहे ते ती न सांगता दाखवते. म्हणून ती मला आवडते.

हे सगळं मला कळायचं, पण सांगता यायचं नाही. खाली तळघरात घराचा मालक, त्याचा भाऊ, त्याचा शेजारी, त्याचा मेहुणा असे चार-पाच बाप्ये उभे. त्यांच्यासमोर माझं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. अन्वरभाईंचा कान तेवढा तयार नाही, हे ते स्वतःच कबूल करतात. पण तोंड त्यांचं तयार. मग आम्ही एक खूण ठरवली. मी जमीन बघून घ्यायची आणि माझं घमेलं मधोमध ठेवून बाजूला व्हायचं. पालथं ठेवलं तर फोडायची. उताणं ठेवलं तर ठेवायची. अन्वरभाई जिना उतरून यायचे, घमेल्याकडे एक नजर टाकायचे, दाढीवरून हात फिरवायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "या जमिनीचं मी सांगतो तुमाला." लोक थक्क व्हायचे. मी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. लोकांना वाटायचं लाजते आहे. मी हसत असायची.

असं कितीतरी वर्षं चाललं.

नारायणगावला टोमॅटोचे एक व्यापारी होते. त्यांच्या तळघरात क्रेट ठेवायचे आणि पावसाळ्यात जमिनीला पाणी सुटायचं. ते म्हणाले, खालून झरा लागलाय, फोडा. झरा म्हटल्यावर ते थोडे खूशही दिसत होते. आमची रीत अशी, की जमिनीवर स्टीलचं ताट पालथं घालायचं, कडेनं घट्ट कणीक लावून बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी उचलायचं. ताटाखाली ओल आली तर पाणी खालून येतं. ताट वरून ओलं आणि खाली कोरडं, तर जमिनीचा दोष नाही, हवेतलं पाणी गार जमिनीवर बसतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर कणीक नाही, ताट भिंतीपाशी, आणि उंदरांनी चारी बाजूंनी ताव मारलेला. परत लावली. परत खाल्ली. तिसऱ्या दिवशी व्यापारी म्हणाले, "मिस्त्री, उंदरांची पंगत उठली का बघा, मग जमिनीचं बोलू." तेव्हापासून मी ताट-कणीक सोडली. जाड प्लॅस्टिकचा कागद आणि चिकटपट्टी. त्यांची जमीन खालून ठणठणीत कोरडी निघाली. बंद केलेली खिडकी उघडा म्हणून सांगितलं. झरा नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला तो पडलाच.

शिनोलीला एक रिटायर गुरुजी होते. त्यांचं घर उताराला, त्यामुळं खाली आपोआप एक तळघर झालेलं. गुरुजींनी तिथल्या प्रत्येक भेगेला नाव दिलं होतं. लांब होती ती घोड, तिला मिळणारी मीना, पलीकडची कुकडी. रोज सकाळी पट्टी घेऊन खाली जायचे आणि मोजून वहीत लिहायचे. आम्हाला वही दाखवली. "मीना सरकतेय," म्हणाले. मी नाणं लावून बघितलं, नाण्याची कडसुद्धा जात नव्हती. ठोकलं तर सगळीकडं ठण्. मी घमेलं उताणं ठेवलं. अन्वरभाई डोळे मिटून म्हणाले, "गुरुजी, या नद्यांना पूर येणार न्हाई. निवांत झोपा." गुरुजी म्हणाले, "मग मी सकाळी करू काय?" याचं उत्तर घमेल्यात नव्हतं.

आता जे लिहायला वही घेतली ते लिहिते.

परवाच्या गणपतीनंतरची गोष्ट. अन्वरभाईंनी निरोप पाठवला, घोडेगावला शेठचं तळघर बघायचंय. कोणते शेठ ते मी विचारलं नाही. पेठेतल्या दुकानाशी गाडी थांबली. दुकानामागचा जिना उतरायला लागले आणि पाचव्या पायरीवर माझे पाय थांबले. सहावी पायरी जराशी अरुंद आहे, हे माझ्या पायाला पायरी येण्याआधी आठवलं.

ही जमीन मी केली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच सालातली. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, हातात हिरवा चुडा, आणि कामावर मी सोडून सगळे पुरुष. तळघर खणून झालं होतं. खालची काळी माती काढून टाकायची, मुरूम भरायचा, पाणी मारायचं, धुमसानं चोपायचा आणि मग वर सिमेंट, असं काम. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून ती खाली ठेवायची नसते. मुरूम चोपत मी आतल्या डाव्या कोपऱ्यात गेले तर माझा पाय लोण्यात गेल्यासारखा आत गेला. तिथली काळी माती कुणी काढलीच नव्हती. तशीच वरून मुरमानं झाकली होती. बडे मिस्त्री जिन्यावरून म्हणाले, "सगळीकडं चोपलंय ना?" सगळे हो म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण त्या कोपऱ्यात मीच उभी होते. मीही हो म्हणून मान हलवली.

तेवढंच. दुसऱ्या दिवशी सिमेंट पडलं. पुढं कितीतरी वर्षं घोडेगावावरून एस्टी गेली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायची.

आणि आता मी त्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर, हातात घमेलं.

शेठ राजस्थानकडचे जैन, पण तीन पिढ्या घोडेगावात, बोलणं आमच्यासारखंच. त्यांच्या सुनेला, पूजाताईंना, तळघरात शिवणाचा क्लास काढायचा होता. दसऱ्याला सुरू. दसऱ्याला राहिले होते पंचवीसएक दिवस. दहा मशीन ठरवून ठेवलेल्या, आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनी नावं घातलेली. इतके दिवस पूजाताई वरच्या व्हरांड्यात दोन मशीनवर शिकवत होत्या, आणि सासऱ्यांना तळघर मागायला त्यांना दोन वर्षं लागली होती, हे त्यांनीच मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. न बोलणाऱ्या माणसाला लोक फार सांगतात.

अडचण अशी होती, की आधी एक जण बघून गेला होता आणि त्यानं सांगितलं होतं, सगळी जमीन फोडा, तीन महिने धरा. शेठ म्हणाले, "तीन महिने धूळ खायची असली तर क्लास नको." पूजाताई म्हणाल्या, "मावशी, दसरा हुकला की बायका मंचरच्या क्लासला जातील. मग हे तळघर परत पोत्यांना जाईल. मला परत मागायचा धीर होणार नाही." शेठाणींना आणखी वेगळी काळजी. चातुर्मास चालू होता. जमीन खणायची म्हणजे किडामुंगी मरणार, ते त्यांच्या जिवावर आलेलं.

मी चप्पल वर काढून ठेवलीच होती. तिथं सगळेच काढतात. अनवाणी फिरले. तीन कोपरे ठण् ठण् वाजले, इतके खणखणीत की मला मनातल्या मनात मिरवावंसं वाटलं. चौथ्या कोपऱ्याकडं मी मुद्दाम शेवटी गेले. भेगेत नाणं उभं गेलं आणि वर माझं नखही गेलं. एक बाजू बोटभर खाली. डब. बटव्यातली गोटी काढून मधोमध ठेवली. सोडायच्या आधीच मला माहीत होतं ती कुठं जाणार. गेली. कोपऱ्यात भिंतीला लागून थांबली.

चारी कोपऱ्यांत प्लॅस्टिक चिकटवून आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. अन्वरभाई वर दुकानात शेठशी बोलत बसले, मी एकटी खाली. तीन कागद कोरडे. चौथ्याच्या खाली पाण्याचे थेंब, कागद उचलला तर ओघळले. बाहेर जाऊन बघितलं, तर छपराचं पाणी येणारा पाइप नेमका त्याच कोपऱ्याच्या वर सुटलेला. वरून पाणी, खाली काळी माती. पाऊसभर ती माती पाणी पीत होती आणि जमिनीला वर-खाली करत होती.

आत आले आणि घमेलं हातात घेऊन उभी राहिले. पालथं ठेवलं, तर सगळी फोडा असं होणार. तीन कोपरे उगाच मरणार, दसरा जाणार, क्लास जाणार. उताणं ठेवलं, तर त्या कोपऱ्यात मशीन येणार, विजेवरच्या मोटारींच्या वायरी जमिनीवरून जाणार, आणि जमिनीला पाणी फुटणार. बायका अनवाणी असणार. पुढचं मला मनातसुद्धा म्हणवेना.

तीन ठेवा, एक फोडा, अशी खूण आमच्याकडं नव्हतीच. इतक्या वर्षांत ती कधी लागली नव्हती, फरशीएवढा तुकडा असला तर तो आम्ही उताण्यातच धरायचो. मी घमेलं कडेवर उभं केलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. अन्वरभाईंना तेवढ्यावरून काही कळेल असं मला का वाटलं, माहीत नाही. माणूस बोलणं टाळायला काय काय करतो.

मी पाइप परत एकदा बघायला बाहेर गेले. तेवढ्यात शेठाणी चहा घेऊन खाली आल्या. कप ठेवायला जागा नाही. त्यांनी भिंतीशी उभं घमेलं बघितलं, पदरानं पुसलं, तळघराच्या मधोमध उताणं ठेवलं आणि त्यात पाच कप चहा मांडून ठेवला.

मी आत आले तेव्हा शेठ आणि पूजाताईही उतरले होते आणि अन्वरभाई शेवटच्या पायरीवर होते. त्यांची नजर घमेल्यावर गेली. दाढीवर हात गेला. डोळे मिटले.

"शेठ, या जमिनीचं मी सांगतो तुमाला. अब्बांच्या हातची जमीन हाय. काय झालं न्हाई तिला. भेगा भरून घिऊ, संपलं काम."

शेठ म्हणाले, "म्हणजे फोडायला नको?"

"अजिबात नको."

"बघा," शेठाणी म्हणाल्या, "मुंग्यांचंही वाचलं."

पूजाताई टाळी वाजवायच्या बाकी होत्या. "मग उद्याच वायरमनला बोलावते. पप्पा, या कोपऱ्यात मेन बोर्ड घेऊ, इथं चार मशीन एका रांगेत बसतात." आणि त्या चौथ्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. अनवाणी.

मी अन्वरभाईंकडं बघून डोळे मोठे केले. त्यांना वाटलं, चहा पाहिजे. त्यांनी घमेल्यातला एक कप उचलून माझ्यासमोर धरला. मी मान हलवली. त्यांनी तो स्वतः प्यायला सुरुवात केली. मग मी वाकले आणि घमेल्याच्या कडेला हात घातला. पालथं करायचं, एवढंच मनात होतं. पण आत चार कप भरलेले. पालथं केलं असतं तर चहा जमिनीवर, कप फुटलेले, आणि शेठाणींना वाटलं असतं बाईला भोवळ आली. घमेलं धरून मी तशीच वाकलेली, आणि सगळे माझ्याकडं बघतायत.

"त्यातला चहा काढा," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. अन्वरभाईंचा कप ओठापाशी थांबला.

"ती खूण मी ठेवल्याली न्हाई," मी म्हणाले.

शेठ म्हणाले, "कसली खूण?"

अन्वरभाईंनी माझ्याकडं बघितलं, घमेल्याकडं बघितलं, मग शेठाणींकडं. त्यांना सगळं कळलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून खोकायला लागले. खोकून झाल्यावर म्हणाले, "शेठ, आता खरं सांगतो. जमीन ह्या सांगत्यात. मी निस्तं बोलतो."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

"आणि डोळे मिटता ते?"

"ते असंच. बरं दिसतं."

शेठ हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, "मग बाई, तुम्हीच सांगा. फोडायची की ठेवायची?"

समोर शेठ, शेठाणी, पूजाताई, अन्वरभाई. चारच माणसं. मला गावजत्रा भरल्यासारखं वाटलं. मी जमिनीकडं बघत म्हणाले, "तीन कोपरे ठिवा. चौथा फोडा. नीट कापून काढला तर तेवढाच निघंल. बाहेरचा पाइप हलवा. दसऱ्याला सहा मशीन तीन कोपऱ्यांत बसतील. चार मागून."

मग मी गोटी काढली आणि मधोमध सोडली. ती गडगडत गेली आणि पूजाताईंच्या टाचेला लागून थांबली. त्यांनी पाय उचलून बाजूला घेतला.

अन्वरभाई हळूच म्हणाले, "बाई, पण अब्बांची जमीन अशी कशी बसंल? अब्बा भराव स्वतः बघायचे."

हे त्यांनी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"तीन कोपरे अब्बांचे," मी म्हणाले. "चौथा माझा." आणि मग सगळं सांगितलं. हिरव्या चुड्यापासून, लोण्यासारखा गेलेला पाय, बडे मिस्त्रींनी विचारलेलं. सांगताना गोटीकडं बघत होते.

शेठ म्हणाले, "तेव्हा का नाही बोललात?"

"इचारलं न्हवतं म्हणावं, तर इचारलं व्हतं. मी मान हलवली."

शेठ त्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता आम्हाला जिना दाखवतील. ते म्हणाले, "त्या कोपऱ्यातली पोती दर पावसाळ्यात भिजायची. बापूजी, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे, पोती बांधणारा हमाल निष्काळजी आहे. तीन हमाल बदलले आम्ही."

मला मान वर करवेना. ते तीन हमाल कोण, कुठले, मला माहीत नाही. जमिनीचं मी भरून दिलं. त्यांचं कसं भरायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

शेठाणींनीच ती कोंडी फोडली. म्हणाल्या, "आता चहा घ्या सगळ्यांनी. आणि खणायच्या आधी मुंग्या बाजूला कराल ना, बाई?"

केल्या. अर्धा दिवस मऊ केरसुणीनं त्या कोपऱ्यातल्या मुंग्या सुपात घेऊन मागच्या परसात सोडत होते. शेठाणी जिन्यावर बसून बघत होत्या. "तिथं एक राहिली." मी ती घ्यायची. "ती बघा, भिंतीवर." तीही घ्यायची. अन्वरभाई म्हणाले, "भाभी, मुंग्यांची हजेरी घ्या, म्हंजी परत आल्या तर वळखू येतील." शेठाणी हसल्या नाहीत, पण दुपारी आम्हाला जेवायला वाढताना अन्वरभाईंच्या पानात एक पुरी जास्त पडली.

मग कटरनं रेघ मारली. चौथा कोपरा बिस्किटासारखा निघाला, खाली हातानं खरवडता येईल अशी काळी चिक्कण माती. पण रेघेच्या या बाजूला, जिथं चांगली जमीन लागली, तिथं कटरची पाती झिजून गेली आणि दुसरी आणावी लागली. कापलेली कड घट्ट, दाणा न् दाणा धरलेला. अन्वरभाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ फिरवत राहिले. "लई पक्की हाय," एवढंच म्हणाले. मीही त्यात होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं.

पाइप लांब नेला. माती कोरडा मुरूम लागेपर्यंत उपसली. नवा मुरूम थराथरानं भरला, पाणी मारलं, चोपला. धुमस मीच घेतलं, गुडघे काही म्हणाले तरी. चोपून झाल्यावर कोपऱ्यात अनवाणी उभी राहिले. अन्वरभाई जिन्यावरून म्हणाले, "सगळीकडं चोपलंय ना?" त्यांच्या वडिलांचेच शब्द, त्याच पायरीवरून. त्यांच्या ते ध्यानातही नसेल.

मी पाय दाबून बघितला. "न्हाई," मी म्हणाले. "भिंतीकडनं अजून एक फेरा."

तो फेरा झाला. मग प्लॅस्टिकचा जाड थर, त्यावर सळ्या, जुन्या जमिनीत बसवून, आणि सिमेंट. पुढं दहा दिवस पूजाताई स्वतः त्यावर पाणी मारत होत्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मला फोन करायच्या, "मावशी, मारलं." जणू मी परीक्षा घेत होते.

दसऱ्याला त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, मशीनची पूजा आहे, तुमची हत्यारं पण आणा. मी जाणार नव्हते. मालक म्हणाले, "जा की. हितं बसून तर काय बोलणार हायेस." गेले. तीन कोपऱ्यांत सहा मशीन, झेंडूच्या माळा, आणि नव्या लुगड्यांतल्या चौदा बायका. सगळ्यांना घमेल्याची गोष्ट माहीत झालेली, कारण अन्वरभाईंनी ती घोडेगावभर केली होती, आणि त्यांच्या गोष्टीत मी चहा खरंच सांडला होता.

पूजाताईंनी मशीनच्या शेजारी जागा करून ठेवली होती. मी धुमस टेकवलं, दांडा आडवा ठेवला. घमेलं हातात घेतलं तशी सगळी गडबड थांबली. बायका माझ्या हाताकडं बघायला लागल्या. अन्वरभाई शेवटच्या पायरीवरून म्हणाले, "हां बाई. पालथं की उताणं?"

मी बटव्यातली गोटी काढली. मधोमध सोडली. ती जागेवर जराशी डुलली आणि तिथंच राहिली.

मग घमेलं उताणं ठेवलं. शेठाणींनी त्यात ओंजळभर आपट्याची पानं टाकली. बायका हसल्या, कुणी एकीनं हळद लावली.

"आन् त्या कोपऱ्यात अजून दहा दिवस मशीन ठिवू नका," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "वल हाय आतून अजून. पाय ठिवून बघा, कळंल."

चौदा बायका एकेक करून कोपऱ्यात गेल्या आणि पाय ठेवून बघून आल्या.